दहा बाय बाराच्या खोलीत आनापानसती



वस्तीत आरोग्याच्या गप्पा निघाल्या की शुगर, बीपी आणि गुडघे यांच्या पाठोपाठ आणखी एक तक्रार येते, आणि ती बहुतेक वेळा हळू आवाजात येते. डोकं भणभणतं. छातीत धडधडतं, पण कार्डिओग्राम नॉर्मल आला. रात्री अडीचला जाग येते आणि मग बचतगटाचा हप्ता, मुलीची फी, खोलीचं भाडं, दारू पिऊन येणारा दीर, सगळे रांगेने डोळ्यांसमोर उभे राहतात. डॉक्टर तपासून सांगतात, टेन्शन घेऊ नका. टेन्शन काही आपण दुकानातून आणत नाही, की उद्यापासून घेणार नाही म्हटलं आणि झालं.

म्हणून या वेळी या पानावर श्वासाचा धडा घेतला आहे. यासाठी पैसे लागत नाहीत, चटई नसली तरी चालते आणि वेगळी खोली तर आपल्यापैकी फार थोड्यांकडे आहे, तीही लागत नाही. रोज दहा मिनिटे मात्र द्यावी लागतात.

आधी शरीरात काय होतं ते पाहू. भीती वाटली किंवा राग आला की शरीर पळायला नाहीतर भांडायला तयार होतं. ॲड्रिनलीन नावाचा स्राव रक्तात उतरतो, हृदय जोरात चालतं, रक्तदाब वाढतो, पोटातलं पचन मंदावतं, खांदे आणि जबडा घट्ट होतात. समोर कुत्रा धावून आला तर ही तयारी जीव वाचवते. पण अंगावर धावून येणारा कुत्रा दोन मिनिटांत निघून जातो, आणि भाड्याची काळजी महिनाभर घरातच बसून असते. शरीराला त्यातला फरक कळत नाही. ते तयारीतच राहतं आणि मग थकवा, आंबटपणा, डोकेदुखी, उडालेली झोप, लेकरांवर निघणारा राग, असं सगळं सुरू होतं.

आपल्या मज्जासंस्थेत जसा ॲक्सिलरेटर आहे तसा ब्रेकही आहे. हृदयाचे ठोके आणि पोटाची हालचाल आपल्या हुकमावर चालत नाही. श्वास मात्र दोन्हीकडचा आहे. झोपेत तो आपोआप चालतो आणि मनात आणलं तर आपण त्याला हळूही करू शकतो. शांत बसलेला मोठा माणूस मिनिटाला साधारण 12 ते 20 वेळा श्वास घेतो. श्वास आत जाताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, बाहेर सोडताना किंचित कमी होतात. मनगटावर नाडी धरून हळू श्वास घेतला तर पुष्कळांना हा फरक बोटांना जाणवतो. म्हणजे सोडण्याचा श्वास हा ब्रेकच्या बाजूचा. तो लांबवला की शरीराला निरोप जातो की धोका टळला, आता सैल हो.

इथे एक गोष्ट ठळकपणे सांगायची आहे, कारण वस्तीत तिचा उलटा सल्ला दिला जातो. कुणी घाबरलं, रडायला लागलं की सगळे म्हणतात, मोठा श्वास घे, मोठा श्वास घे. घाबरलेला माणूस आधीच भराभर श्वास घेत असतो. त्यात आणखी हवा भरली तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड जास्तच कमी होतो, हातापायांना मुंग्या येतात, ओठांभोवती बधिर वाटतं, गरगरतं, आणि माणूस अधिकच घाबरतो. अशा वेळी म्हणायचं, हळू सोड. घेण्याची काळजी नको, सोडून झालं की शरीर आपला आपण घेतं.

पहिला आठवडा : पोट आणि लांब सोडणं

पहिले सात दिवस फक्त एवढंच करायचं. उताणं झोपा, गुडघे वर वाकवा, तळपाय जमिनीला टेकलेले. एक हात छातीवर, एक बेंबीवर. आता नेहमीसारखा श्वास घ्या आणि कुठला हात हलतो ते बघा. दिवसभर काळजीत असणाऱ्यांचा बहुधा वरचा हात हलतो. फुप्फुसांच्या खाली श्वासपटल नावाचा घुमटासारखा स्नायू आहे. तो खाली सरकला की पोट वर येतं आणि फुप्फुसांत खालपर्यंत हवा भरते. खांदे उचलून घेतलेल्या श्वासात त्याचं काम मान आणि छातीचे स्नायू करतात, म्हणून संध्याकाळी मान दुखते. जोर न लावता खालचा हात हलू द्या. लहान मुलांच्या पोटावर स्टीलची रिकामी वाटी ठेवली तर वाटी वर जाते, खाली येते. त्यांना हा खेळ वाटतो आणि मोठ्यांपेक्षा ती लवकर शिकतात.

हे जमलं की आकडे जोडा. नाकाने श्वास घेताना मनात तीनपर्यंत मोजा, सोडताना चारपर्यंत. दोन-तीन दिवसांनी चार आणि सहा. म्हणजे एक श्वास दहा सेकंदांचा, मिनिटाला सहा. पाच मिनिटे पुरे. चार-सहाला दम लागला तर तीन-चारवर परत या, त्यात काही कमी नाही. मध्ये श्वास अडवून धरायचा नाही.

अडवायचा का नाही, याला आपल्या परंपरेतच कारण आहे. बोधीपूर्वी सिद्धार्थाने श्वास रोखून ठेवण्याची खडतर साधना करून पाहिली होती. तिने डोक्यात असह्य वेदना झाल्या आणि हाती काही लागलं नाही, असं मज्झिम निकायात स्वतः तथागतच सांगतात. पुढे ज्या आनापानसतीची शिकवण त्यांनी दिली तिच्यात श्वासावर जबरदस्ती नाही. टीव्हीवर पाहून भराभर पोट आत मारण्याचे प्रकार काही जण सकाळी करतात. त्यांच्याशी या धड्याचा संबंध नाही, आणि बीपी किंवा हृदयविकार असलेल्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय करूही नयेत.

दुसऱ्या आठवड्यापासून : फक्त जाणणं

आन म्हणजे आत येणारा श्वास, अपान म्हणजे बाहेर जाणारा, सती म्हणजे स्मृती, जागरूकता. मज्झिम निकायातलं 118 वं सुत्त याच विषयाचं आहे. त्यात सोळा पायऱ्या सांगितल्या आहेत. आपल्याला आज पहिल्या दोनच हव्यात : श्वास लांब असेल तर तो लांब आहे हे कळावं, आखूड असेल तर आखूड आहे हे कळावं. तो लांब करा असं तिथे म्हटलेलं नाही. पहिल्या आठवड्यात आपण श्वासाला वळण दिलं, आता हात काढून घ्यायचा आणि नुसतं बघायचं.

मांडी घालून बसता येत असेल तर खाली घडी केलेलं ब्लँकेट किंवा उशी घ्या, म्हणजे गुडघे खाली राहतात आणि पाठ आपोआप सरळ होते. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर, पलंगाच्या कडेला, भिंतीला टेकून, कसंही. पाठ ताठ पण अंग सैल. डोळे मिटा, मिटून भीती वाटत असेल तर समोर जमिनीवर हातभर अंतरावर नजर ठेवा. नाकपुड्यांच्या तोंडाशी, वरच्या ओठाच्या जरा वर, जिथे हवा लागते तिथे लक्ष आणा. आत येणारी हवा किंचित गार लागते, जाणारी कोमट. एवढंच बघायचं आहे.

मन दोन श्वासांत पळेल. गॅस संपत आलाय, नळाला पाणी येईल, काल जाऊ काय बोलली. पळालेलं कळलं की परत नाकापाशी या. यात राग मानायचा नाही. जे कळलं, की मन गेलं होतं, तीच सती. पन्नास वेळा गेलं आणि पन्नास वेळा आणलं तर तो दिवस वाया गेला असं नाही, उलट पन्नास वेळा व्यायाम झाला. माझं मन एकाग्र होत नाही म्हणून मला ध्यान जमणार नाही, असं म्हणणाऱ्या ताई-दादांना आम्ही हेच सांगतो : कपडे मळतात म्हणूनच धुवायचे असतात.

मोजल्याने मदत होते. श्वास सोडून झाला की एक, पुढच्याला दोन, असं दहापर्यंत, मग पुन्हा एक. ही युक्ती आजची नाही. पाचव्या शतकात आचार्य बुद्धघोषांनी विसुद्धिमग्गात ती सांगितली आहे आणि पाचापेक्षा कमी नको, दहाच्या पुढे नको अशी मर्यादाही घातली आहे. आकडा विसरला की एकपासून. मोजताना अठ्ठाविसावर पोहोचलात तर समजा की तोंड मोजत होतं आणि मन बाजारात होतं.

जोर किती लावायचा हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. सोण नावाचे भिक्खू चालून चालून पाय रक्ताळेपर्यंत साधना करत होते. गृहस्थ असताना ते वीणा वाजवत. तथागतांनी त्यांना विचारलं, तारा फार ताणल्या तर वीणा वाजते का? नाही. फार सैल सोडल्या तर? तरीही नाही. कपाळाला आठ्या घालून, दात आवळून बसलेल्यांनी सोण आठवावेत. बसल्या बसल्या घोरणाऱ्यांनीही.

आवाजाचं काय

ध्यानाच्या पुस्तकांवर धबधबा आणि हिरवीगार टेकडी छापलेली असते. आपल्याकडे पत्र्याची भिंत आहे, पलीकडे टीव्ही, वर मुलांची धावपळ, बाहेर कुणाच्या तरी हळदीचा डीजे. एकांत मिळेल तेव्हा बसू म्हटलं तर सगळा जन्म उभ्यानेच जाईल. आवाज आला की 'आवाज' एवढीच मनात नोंद करा आणि श्वासाकडे या. आवाज कुणाचा, इतक्या मोठ्याने का, यांना काही अक्कल आहे का, ही पुढची साखळी आपण जोडतो, ती जोडायची नाही.

वेळ ज्याने त्याने आपल्या घरानुसार ठरवावी. नळाला पाणी येण्याआधीची पंधरा मिनिटे अनेक घरांत सर्वांत शांत असतात. घरकामाला जाणाऱ्या भगिनींना दुपारची, रात्रपाळी करणाऱ्यांना आल्यावर हातपाय धुतल्यानंतरची. कुकर लावला की तीन शिट्ट्या होईपर्यंत ओट्याशी उभं राहूनही होतं. तथागतांनी चालणं, उभं राहणं, बसणं आणि पडणं या चारही अवस्थांत जागरूक राहायला सांगितलं आहे. त्यामुळे बसायला जागा नाही ही अडचण नव्हे. स्टेशनपर्यंत चालताना टाच टेकली, पाय उचलला, एवढं बघत शंभर पावलं चाला. रिक्षा, टेम्पो चालवणाऱ्यांनी मात्र हे गाडी थांबवून, स्टँडवर करावं.

एक सूचना हवेबद्दल. बंद खोलीत अगरबत्ती आणि मच्छर कॉइल लावून शेजारीच दीर्घ श्वास घेत बसू नका. दोन्हींचा धूर फुप्फुसाला वाईटच. बुद्धमूर्तीपुढे अगरबत्ती लावायची असेल तर ती विझल्यावर, दार उघडून बसा. चुलीच्या धुरात तर नकोच.

मिश्री, विडी, गुटखा, क्वार्टर यांचंही इथेच बोलू, कारण ताण आला की हात तिकडेच जातो. मिश्री लावली की बरं वाटतं, डोकं उतरतं, असं बायका सांगतात. खरं तर निकोटिनने हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढतात. बरं वाटतं ते तलफ शमल्यामुळे, आणि ती तलफ निकोटिननेच लावलेली असते. विडी ओढताना माणूस कामातून बाजूला जातो, पाच मिनिटे उभा राहतो, लांब श्वास सोडतो. यातली धूर सोडून बाकी सगळी गोष्ट चांगली आहे. तेव्हा तलफ आली की तशाच पाच मिनिटांसाठी बाहेर जा, आणि विडीशिवाय दहा लांब श्वास सोडा. पाचवं शील फक्त वंदनेत म्हणण्यासाठी दिलेलं नाही. पण रोज भरपूर दारू पिणाऱ्याने ती एकदम बंद केली तर हात थरथरणं, भास होणं, आकडी येणं असे धोके असतात. त्यासाठी आधी डॉक्टर, श्वास नंतर.

भाडं कोण भरणार

चळवळीतले काही कार्यकर्ते आम्हाला विचारतात, की लोकांना डोळे मिटायला शिकवून तुम्ही त्यांचा राग थंड करता आहात काय? नोटीस आली आहे, घरं पाडणार आहेत, आणि तुम्ही म्हणता श्वास बघा. प्रश्न योग्य आहे आणि तो झटकून टाकू नये. ध्यानाचा धंदा करणारे, दुःखाचं मूळ फक्त तुमच्या मनात आहे असं सांगणारे पुष्कळ आहेत. कमी मजुरी, जात, तुंबलेलं गटार ही दुःखं मनातली नाहीत आणि कुठल्याही श्वासाने जात नाहीत.

संयुक्त निकायात दोन बाणांचा दृष्टान्त आहे. बाण लागला की वेदना होते. अजाण माणूस त्यावर शोक करत, तडफडत स्वतःला जणू दुसरा बाण मारून घेतो. मुकादमाने चारचौघांत केलेला अपमान हा पहिला बाण. रात्रभर तोच प्रसंग मनात शंभर वेळा घडवणं, त्याला काय बोलायला हवं होतं याची उजळणी करणं आणि सकाळी त्या रागात पोराला फटका देणं, हा दुसरा. श्वास उपयोगी पडतो तो या दुसऱ्यासाठी. पहिल्यासाठी युनियन आहे, अर्ज आहे, कोर्ट आहे, मोर्चा आहे. आणि झोप झालेला, आवाज न चढलेला माणूस वॉर्ड ऑफिसात कागद जास्त नीट मांडतो, हे आम्ही कितीदा पाहिलं आहे.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात समाधी आणि सम्यक समाधी यांत भेद केला आहे. नुसती समाधी म्हणजे एकाग्रता, तिचा परिणाम तात्पुरता. सम्यक समाधीत एकाग्र झालेल्या मनाला कुशल कर्माचा विचार करण्याचं वळण लागतं. आम्हाला हा भेद फार कामाचा वाटतो. म्हणून दहा मिनिटे झाली की लगेच उठू नका. शांत झालेल्या मनात एकच प्रश्न ठेवा : आज माझ्या हातून करता येईल असं कोणतं चांगलं काम आहे? उत्तर लहान असू द्या. शेजारच्या आजीचं रेशनकार्ड ऑनलाइन करून देणं, तीन दिवस अबोला धरलेल्या नवऱ्याला चहा विचारणं, ग्रंथालयातलं पुस्तक परत करणं. मग उठा.

कुणी जपून करावं

बीपी, शुगर, दमा, फिट्स यांच्या गोळ्या किंवा पंप श्वास करतो म्हणून बंद करायचा नाही. हळू श्वासाने काहींचा रक्तदाब थोडा उतरतो, पण तो औषधाला जोड आहे, औषधाच्या जागी नाही. गरोदर भगिनींनी हे सगळं करायला हरकत नाही, फक्त दिवस भरत आल्यावर उताणं न झोपता कुशीवर किंवा टेकून बसून करावं. चक्कर आली की मोजणं सोडून नेहमीसारखा श्वास घ्या.

छातीत दाबल्यासारखं दुखत असेल, दुखणं हात किंवा जबड्याकडे जात असेल, घाम फुटला असेल, तर ते टेन्शन समजून श्वास मोजत बसू नका. 108 ला फोन करा.

काहींना डोळे मिटले की जुना मार, एखादा अपघात किंवा अत्याचार डोळ्यांसमोर येतो. त्यांनी स्वतःला ओढत तिथेच बसवून ठेवू नये. डोळे उघडा, पाय जमिनीवर दाबा, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं घ्या, आणि पुढे बसण्याऐवजी चालण्याचा प्रकार करा. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच मन लागत नसेल, झोप-भूक गेली असेल, जगणं नको वाटत असेल, कानात कुणी बोलल्यासारखं वाटत असेल, तर तो आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. टेलिमानसच्या 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येतं, मराठीतही. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मानसोपचाराची ओपीडी असते. त्या खिडकीवर केसपेपर काढण्यात लाज नाही. हाड मोडलं तर आपण लाजत नाही.

ज्यांना दहा मिनिटांच्या पुढे जायचं आहे त्यांच्यासाठी इगतपुरीच्या धम्मगिरीवर आणि इतर केंद्रांवर दहा दिवसांची विपश्यना शिबिरं होतात. गोएंका गुरुजींनी सुरू केलेल्या या शिबिरांत सुरुवातीचे तीन दिवस आनापानच असतं. फी नसते, दानावर चालतं. पण जवळजवळ सगळे दिवस मौन असतं, घराशी संपर्क नसतो, आणि रोजंदारीवर असणाऱ्याचे दहा दिवसांचे पैसे बुडतात. घरी सलग दोन-तीन महिने बसून झाल्यावर, घरच्यांशी बोलून मग अर्ज भरावा. मानसिक आजाराची औषधं चालू असतील तर अर्जात ते खरं लिहावं आणि आपल्या डॉक्टरांनाही विचारावं.

विहारातल्या रविवारच्या वंदनेला याची जोड देणं सर्वांत सोपं. त्रिशरण-पंचशील झालं की लगेच सूचना आणि वर्गणी सुरू करण्याऐवजी पाच मिनिटे सगळ्यांनी शांत बसावं. एकाने घड्याळ बघावं, बाकीच्यांनी मोबाईल बंद करून चपलांजवळच्या पिशवीत ठेवावेत. म्हाताऱ्या माणसांसाठी दोन-चार खुर्च्या भिंतीला लावून ठेवाव्यात. लहान मुलांना पाच मिनिटे जमत नाहीत, त्यांना दहा श्वास मोजायला सांगून मोकळं सोडावं. ती बाहेर खेळतील, त्यांचा आवाज येईल, तो येऊ द्यावा. दहावी-बारावीची आणि स्पर्धा परीक्षेची मुलं असतील तर पेपर हातात पडल्यावर पहिल्या मिनिटात सहा लांब श्वास सोडायचा सराव त्यांच्याकडून इथेच करून घ्यावा, म्हणजे परीक्षेच्या दिवशी तो नवा वाटणार नाही. पेटलेल्या मेणबत्त्या मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा उंचीवर ठेवाव्यात.